काही वाचकांना बाहेर कसं ठेवावं: वेब डेस्कवरच्या नवशिक्यांसाठी

अभिनंदन. मराठी बातम्यांच्या संकेतस्थळावर उपसंपादक म्हणून तुमची नेमणूक झाली आहे. सीएमएसचा पासवर्ड मिळाला असेल, खुर्ची अजून मिळाली नसेल. मथळा किती अक्षरांचा हवा, ‘या’ आणि ‘हे’ हे शब्द अवतरणचिन्हांत कसे अडकवायचे आणि रात्रपाळीचा चहा कोणाच्या नावावर मांडायचा, हे पहिल्या आठवड्यात शिकवलं जाईल. एक विद्या मात्र कोणी शिकवत नाही, तरी सगळ्यांना येते. ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, ज्यांचा हात थरथरतो किंवा ज्यांच्या डोळ्यांपुढे अक्षरं एकमेकांत मिसळतात, अशा वाचकांना बातमीपासून लांब ठेवण्याची विद्या. ती इथे रीतसर लिहून ठेवतो आहे.

घाबरू नका, याला दुष्टपणा लागत नाही. पंधरा वर्षं मी या डेस्कवर आहे. अशा वाचकांचं वाईट चिंतणारा एकही सहकारी मला भेटला नाही. उलट आमच्यातले दोघे दर दिवाळीला अंधशाळेत फराळ नेऊन देतात. तरीही काम चोख होतं, कारण ते दहाजणांनी मिळून करायचं असतं आणि त्या दहाही जणांना ते दुसऱ्याचं वाटतं.

आधी शब्द बदला

डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून ‘विकलांग’ऐवजी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचवला आणि आमच्या डेस्कवर तो फाइंड-रिप्लेसने दुपारच्या डब्याआधी लागूही झाला. इतक्या झटपट सुधारणा त्याआधी कधी झाली नव्हती, नंतरही नाही. आमच्यात दिव्य वगैरे काही नाही, हा शब्द नको, असं म्हणणारी बरीच अपंग मंडळी आहेत. पण त्यांची प्रतिक्रिया आपण दिली तरी ती त्यांना आपल्याच साइटवर वाचता येईल असं नाही, तेव्हा वाद वाढत नाही.

वर्षातून एकदा, ३ डिसेंबरला, मात्र कंबर कसायची. संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला हा अपंगांचा जागतिक दिवस १९९२ पासून पाळला जातो. मथळ्यात ‘मात’ हा शब्द हवाच: अंधत्वावर मात, नियतीवर मात, परिस्थितीवर मात. सोबत अकरा फोटोंची गॅलरी, आणि एकाही फोटोला वर्णन नाही. ज्या मुलीने ब्रेलवरून अभ्यास करून परीक्षा काढली, तिच्यावरचं पान तिच्याखेरीज सर्वांना वाचता आलं पाहिजे.

यंत्र कसं वाचतं, हे समजून घेऊ नका

स्क्रीन रीडर नावाचा एक प्रकार असतो. पडद्यावर पान किती देखणं दिसतं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. पानामागे जो कोड असतो तो वाचून तो बोलतो. संगणकावर बरेच जण एनव्हीडीए वापरतात. मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ साली ते बनवायला घेतलं, आणि ते फुकट मिळतं. फोनवर तर वेगळं काही उतरवून घ्यावंही लागत नाही. अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक आणि आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आधीपासूनच असतं. म्हणजे आत्ता तुमच्या खिशात ते आहे. ते चालू करून, डोळे मिटून, आपलीच साइट पाच मिनिटं ऐकायची हा मोह टाळा. मी वर्षानुवर्षं टाळत आलो होतो. मामांनी घोळ घातला.

माझे मामा बँकेत टेलिफोन ऑपरेटर होते. दृष्टी विशीतच गेली, निवृत्तीला आता बारा वर्षं होतील. पूर्वी मामी पेपर वाचून दाखवायच्या. मग मामींच्याच डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि मामांनी फोन हातात घेतला. २३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेची मतमोजणी होती. तेरा तास डेस्कवर काढून मी रात्री त्यांच्याकडे जेवायला गेलो, जरा छाती फुगवूनच. २८८ जागांचा निकाल आम्ही एका चित्रात बसवला होता. ग्राफिक्सवाल्याने त्यात जीव ओतला होता.

मामांनी आमटीच्या वाटीशेजारी फोन ठेवला, एका बोटाने उजवीकडे सरकवत गेले आणि म्हणाले, “ऐक तुझा पेपर.”

फोन बोलू लागला. “लिंक. चित्र. आय एम जी, डॅश, दोन शून्य दोन चार एक एक दोन तीन, डॅश, डब्ल्यू ए, शून्य शून्य चार सात.” बोट सरकलं. “लिंक. चित्र. आय एम जी, डॅश, दोन शून्य दोन चार...” बोट पुन्हा सरकलं. पुन्हा तेच.

“हा आयएमजी कुठल्या पक्षाचा रे?” मामांनी विचारलं. “सगळ्या मतदारसंघांत तोच निवडून आलाय.”

मामी हसता हसता भाकरी मोडायच्या थांबल्या. मी म्हटलं, “मामा, ते व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोचं नाव आहे.” म्हणाले, “ते मला कळलं. बँकेत तीस वर्षं फोन उचललेत, समोरचा काय सांगत नाहीये तेही कळतं.” मग त्यांनी फोन बाजूला सारला आणि रेडिओ लावला.

तर धडा असा. सीएमएसमध्ये फोटो चढवताना खाली ‘ऑल्ट टेक्स्ट’ नावाचा एक रकाना असतो. फोटोत काय आहे ते तिथे एका ओळीत लिहिलं की यंत्र ती ओळ वाचतं. म्हणून तो रकाना सोडून द्यायचा. नुसतं शोभेचं चित्र असेल, नक्षी, रेघ, वगैरे, तर तो रकाना मुद्दाम रिकामा नोंदवायचा असतो, म्हणजे यंत्र ते गाळून पुढे जातं. पण रिकामा नोंदवणं वेगळं आणि नोंदच नसणं वेगळं. नोंदच नसली की चित्राच्या लिंकवर आलेलं यंत्र फाइलचं नाव वाचत बसतं आणि आयएमजी भरघोस मतांनी निवडून येतो. याहून वरचा वर्ग हवा असेल तर त्या रकान्यात ‘ताज्या बातम्या मराठी बातम्या आजच्या बातम्या लाइव्ह बातम्या’ असं भरा. गूगल प्रसन्न होईल अशी आपली समजूत, आणि मामांना प्रत्येक फोटोपाशी हे नामस्मरण.

भाषा कोणती ते सांगू नका

ही युक्ती दिसत नाही म्हणून सगळ्यात टिकाऊ. प्रत्येक पानाच्या कोडमध्ये अगदी वर भाषा नोंदवायची असते. मराठीसाठी ‘एमआर’ ही दोन अक्षरं. ती पाहून यंत्र मराठी आवाज निवडतं. आपला साचा कधीतरी बाहेरून विकत घेतलेला असतो आणि त्यात ‘ईएन’ असतं. ते तसंच ठेवा. मग इंग्रजी आवाजाच्या हाती देवनागरी लागते. काही आवाज ती सरळ गिळून टाकतात आणि मधले इंग्रजी शब्द तेवढे खडाखडा म्हणतात. वाचकाला कळतं की कुठेतरी एक ‘अपडेट’ आहे आणि कुठेतरी ‘व्हिडिओ’ आहे.

मध्यममार्गी लोकांनी ‘एचआय’, म्हणजे हिंदी, नोंदवावं. देवनागरी वाचली जाते, तक्रार करायला जागा उरत नाही, आणि ज्ञानेश्वर ‘ग्यानेश्वर’ होतात. मामा म्हणतात, माउलींना चाललं असतं, आळंदीकरांना विचार.

याच घराण्यातली जुनी खोड म्हणजे फाँट. युनिकोड येऊन तीन दशकं उलटली, पण छापील आवृत्तीची कॉपी आजही कित्येक ठिकाणी जुन्या फाँटमधून येते. त्या फाँटमध्ये ‘क’ म्हणजे खरं तर एक रोमन चिन्ह असतं, त्यावर देवनागरीचं सोंग चढवलेलं. डोळ्यांना ‘कांदा’ दिसतो. यंत्राला कंस, डॉलर आणि उलटा स्वल्पविराम दिसतो, आणि ते प्रामाणिकपणे तेच म्हणतं. कन्व्हर्टरमधून कॉपी काढली तरी एखादं जोडाक्षर फुटतंच. ते तसंच जाऊ द्या. शुद्धलेखनाबद्दल वाचकांची पत्रं येतात, त्यांना जे उत्तर देतो तेच इथेही लागू.

मथळ्यात अक्षरं सुटी सुटी मांडण्याची डिझायनरची हौसही पुरवावी. ‘म हा सं ग्रा म’ पोस्टरवर बरं दिसतं. यंत्र ते एकेक अक्षर करून वाचतं, बालवाडीच्या बाईंसारखं.

अधिक वाचा, अधिक वाचा, अधिक वाचा

डोळस माणूस पानावर नजर टाकतो. स्क्रीन रीडरवाल्याला तसं करता येत नाही, असं तुम्हाला वाटत असेल तर चूक. तोही नजर टाकतो, कानाने. एनव्हीडीएमध्ये ‘एच’ दाबत गेलं की एका हेडिंगवरून दुसऱ्यावर उडी मारता येते, ‘के’ दाबलं की लिंकवरून लिंकवर. मामा इतक्या वेगाने ऐकतात की मला त्यातला एक शब्दही लागत नाही, आणि ते मधेच थांबून म्हणतात, “हे पुन्हा सांग, पाथर्डीचं काय झालं?”

तेव्हा या वाटा बुजवायच्या. कोडमध्ये हेडिंगला हेडिंग म्हणून नोंदवू नका, नुसतं ठळक आणि मोठं करा, दिसायला सारखंच. मग ‘एच’ दाबून काहीच सापडत नाही. लिंकची सोय आपण आधीच करून ठेवली आहे. होमपेजवर चाळीस बातम्या, प्रत्येकीखाली ‘अधिक वाचा’, आणि सगळ्या लिंकची यादी मागितली की यंत्र चाळीस वेळा ‘अधिक वाचा’ म्हणतं. कशाबद्दल अधिक, ते गुलदस्त्यात. आणि पानाच्या सुरुवातीला ‘मुख्य मजकुराकडे जा’ अशी लपलेली लिंक ठेवायची एक पद्धत आहे, तिच्यामुळे मेनूतले साठ दुवे ओलांडावे लागत नाहीत. ही अजिबात ठेवू नका. राशिभविष्य, मनोरंजन, लाइफस्टाइल, पाककृती, फोटो, वेब स्टोरीज, क्रिकेट, पुन्हा राशिभविष्य, हा सगळा घाट प्रत्येक पानावर नव्याने चढू द्या.

इथे एक कबुली. ‘‘या’ जिल्ह्यात उद्या ‘हे’ बंद’ असा मथळा आपण देतो तेव्हा डोळस वाचकालाही काही कळत नाही. या बाबतीत आपण कोणाला वेगळं वागवत नाही.

रंग

मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातल्या फरकाचं एक गुणोत्तर असतं. जगभर मानल्या जाणाऱ्या डब्ल्यूसीएजी या नियमावलीत साध्या अक्षरांसाठी ते किमान ४.५ ला १ लागतं, मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतं. पांढऱ्यावर फिका करडा, ज्याला डिझायनर ‘नऊ-नऊ-नऊ’ म्हणतात, २.८५ वर येतो. तारीख आणि बातमीदाराचं नाव त्यातच द्यावं. पांढऱ्यावर भगवा २.१ च्या आसपास. निवडणुकीच्या दिवसांत हा हमखास उपयोगी पडतो. ‘सात-सात-सात’ हा करडा ४.४८ वर हुकतो आणि त्याहून केसभर गडद असलेला ‘सात-सहा-सात-सहा-सात-सहा’ ४.५४ वर उत्तीर्ण होतो, हे पाहून माझ्यातला बोर्डाचा परीक्षक सुखावतो.

या बाबतीत आपण एकटे नाही. वेबएम ही अमेरिकी संस्था दरवर्षी दहा लाख होमपेज यंत्राने तपासते. २०२५ साली त्यांतल्या ९४.८ टक्के पानांवर चुका सापडल्या, आणि सगळ्यात मोठी चूक फिक्या मजकुराचीच होती, ७९.१ टक्के पानांवर. बोटाने चिमटीत धरून अक्षरं मोठी करण्याची सोयही आपल्या साच्यात बंद करता येते. ती करा. साठीच्या वाचकाने चष्मा बदलावा.

नकाशात कोण जिंकलं, कोण हरलं हे नुसत्या हिरव्या-लाल रंगाने दाखवणं हा शिष्टाचार झाला आहे. ज्यांना हे दोन रंग सारखे दिसतात त्यांच्यासाठी निकाल बरोबरीत सुटतो.

आवाज, लुकलुक आणि फुली

पान उघडताच व्हिडिओ आपोआप, दणक्यात सुरू झाला पाहिजे. डोळस माणूस तो बंद करतो. स्क्रीन रीडरवाल्याला बंद करण्याचं बटण कुठे आहे ते यंत्राच्या आवाजावरून शोधायचं असतं, आणि तो आवाज व्हिडिओतल्या निवेदिकेखाली दबलेला असतो. विहिरीत पडलेल्या दोराचा पत्ता विहिरीच्या तळाशी लिहून ठेवण्याची ही कला आहे. तीन सेकंदांपेक्षा जास्त आवाज आपोआप वाजणार असेल तर तो थांबवायची सोय हवी, असा नियम आहे. आपली जाहिरात तीस सेकंदांची आहे.

‘ब्रेकिंग’ची पट्टी सरकती हवी आणि थांबवता न येणारी हवी. लाल चौकट किती वेगाने लुकलुकवायची याबद्दल मात्र मी विनोद करणार नाही. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा काहीही लुकलुकू नये. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा उजेड झपाझप लुकलुकला आणि सहाशेहून जास्त प्रेक्षकांना, त्यातली बहुतेक लहान मुलं, रुग्णालयात न्यावं लागलं. हे एवढं एक कलम सरळ अर्थाने घ्या, बाकीची मार्गदर्शिका पूर्वीसारखीच वाचा.

आता फुली. जाहिरात बंद करायची ती चिमुकली फुली. डब्ल्यूसीएजीच्या २०२३ च्या सुधारित नियमावलीत दाबायच्या जागेला किमान २४ बाय २४ पिक्सेल मोकळीक सांगितली आहे. आपली फुली तिळाएवढी, कोपऱ्यात, आणि बोट टेकणार तेवढ्यात जाहिरात दोन सुतं खाली सरकते. कंपवात असलेल्या माणसाने तीनदा प्रयत्न केला की तीनदा जाहिरात उघडते. महिन्याच्या बैठकीत हे क्लिक ‘वाढता प्रतिसाद’ म्हणून दाखवतात. ती स्लाइड मी स्वतः बनवली आहे.

‘ऐका, काय म्हणाले’

बहिऱ्या वाचकांसाठी फार कष्ट नाहीत. त्यांना वाचता येतं, तेव्हा त्यांना वाचायला काही ठेवायचं नाही, बस. ‘काय म्हणाले मुख्यमंत्री? पाहा व्हिडिओ’ असा मथळा, खाली दोन ओळी, त्यातली दुसरी ओळ ‘पाहा व्हिडिओ’, आणि व्हिडिओला सबटायटल नाही. व्हिडिओतलं बोलणं कोणीतरी उतरवून काढलं तर त्याची बातमी होते, बातमी सगळ्यांना वाचता येते, गूगललाही सापडते, आणि आपला उपसंपादक बारा मिनिटं त्यात अडकतो. बारा मिनिटांत आपण तीन वेब स्टोरीज काढतो.

जन्मापासून ऐकू न येणाऱ्या अनेकांची पहिली भाषा खाणाखुणांची असते. लिहिलेली मराठी ते पुढे शिकतात. म्हणून वाक्य चार ओळींचं करा, कर्ता पहिल्या ओळीत ठेवा आणि क्रियापद चौथ्या. ‘या पार्श्वभूमीवर’ने सुरुवात केली की निम्मं काम होतं.

ई-पेपर

अख्खं पान चित्र करून चढवायचं. त्यात यंत्राला वाचण्यासारखं एक अक्षरही नसतं. ‘ग्राफिक’ म्हणून ते गप्प बसतं. पानभर मजकूर आणि एक शब्द, ‘ग्राफिक’.

याउलट वागलेली माणसंही मराठीत आहेत, माहीत असावीत म्हणून सांगतो. १५ फेब्रुवारी २००८ ला स्वागत थोरात यांनी मुंबईतून ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिक सुरू केलं. थोरात स्वतः डोळस. ब्रेलचा कागद जाड, ठिपके उंच, त्यामुळे चार पानांच्या मजकुराला बाड होतं. पुन्हा ते पोस्टाने पाठवायचं. आपल्याकडे कागद नाही, शाई नाही, पोस्ट नाही, मजकूर आधीच टाइप केलेला आहे. एवढ्या सोयी असताना तो वाचता येऊ न देणं याला जास्त कौशल्य लागतं, हे लक्षात घ्या.

कायद्याची भीती

कोणी कायदा काढलाच तर गडबडून जाऊ नये. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. पूर्वीच्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वं होती, यात एकवीस आहेत. कलम ४२ म्हणतं की श्राव्य, छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर सुलभ स्वरूपात मिळेल अशी पावलं सरकारने उचलावीत. कलम ८९ मध्ये दंड आहे: पहिल्यांदा दहा हजार रुपयांपर्यंत, त्यानंतर पन्नास हजार ते पाच लाख. आमच्या वर्धापनदिनाच्या केकचं बिल मी पाहिलेलं आहे, त्यामुळे पहिल्या आकड्याला आम्ही भ्यायचं कारण नाही.

३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असा निकाल दिला. त्यातल्या एक याचिकाकर्त्या ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या होत्या. बँकेच्या केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर पापणी मिटून दाखवा असं यंत्र म्हणत होतं आणि ते त्यांना शक्य नव्हतं. फार महत्त्वाचा निकाल. आम्ही तो ठळकपणे दिला. त्यातले प्रमुख मुद्दे एका सुबक चित्रात मांडून.

वरिष्ठांना फारच टोचणी लागली तर शेवटचा उपाय: तयार टूलबार. पानाच्या कोपऱ्यात व्हीलचेअरचं निळं चिन्ह येतं, दाबलं की अक्षर मोठं, रंग उलटे. एका ओळीचा कोड, साइट सुगम्य. मामांकडे अक्षर मोठं करायला काय आहे, हा प्रश्न विचारू नका. असलं टूलबार लावलं की कोणतीही साइट नियमांत बसते असा दावा करणाऱ्या एका कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये दहा लाख डॉलर भरायला लावले, पण तो दावा करण्याबद्दल होता. चिन्ह लावायला कोणाची ना नाही.

‘असे वाचक आपल्याकडे येतच नाहीत’

हे वाक्य पाठ करा, बैठकीत लागेल. आकडे तुमच्या बाजूने असतील, कारण कोणता वाचक स्क्रीन रीडरने आला हे ट्रॅफिक मोजणाऱ्या यंत्रणेला कळतच नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले, महाराष्ट्रात त्यातले तीस लाखांच्या जरा आत. हा आकडा कोणी पुढे केला तर म्हणायचं, जुना आहे. आमच्या गल्लीत पाच पायऱ्या चढून जावं लागणारं एक किराणा दुकान आहे. त्याचा मालकही सांगतो की कुबड्यावालं गिऱ्हाईक त्याने आयुष्यात पाहिलेलं नाही.

मी एकदा चुकलो. मतमोजणीच्या त्या रात्रीनंतर टेक्निकलच्या मुलाशी बोललो. म्हणाला, “सर, भाषेचं एका मिनिटाचं काम आहे, पण साचा माझ्याकडे नाही, प्रॉडक्टकडे आहे.” प्रॉडक्टवाले म्हणाले, डिझाइनला विचारा. डिझाइन म्हणालं, संपादकीयकडून लेखी मागणी आली पाहिजे. संपादकीय म्हणजे मी. मी मागणी लिहिली, तीन ओळींची, आणि नेमकी बजेट अधिवेशनाच्या आठवड्यात. ती ड्राफ्टमध्ये आहे.

म्हणून तूर्त व्यवस्था अशी. सकाळी साडेसातला मामांचा फोन येतो आणि मी माझ्याच साइटवरच्या बातम्या त्यांना वाचून दाखवतो. मथळा, पहिला परिच्छेद, “पुढे?” “नको, पुढची घे.” परवा वाखरीच्या रिंगणाचा फोटो होता, होमपेजवर सगळ्यात वर. मी तो ओलांडून पुढे जाणार तेवढ्यात ते म्हणाले, “थांब, मधे काहीतरी सोडलंस. काय आहे?”

“फोटो आहे मामा.”

“ते कळलं. काय आहे?”

म्हटलं, “माउलींचा अश्व धावतोय, चारही पाय जमिनीवरून सुटलेत. मागे धूळ. कडेला उभ्या एका म्हाताऱ्या वारकऱ्याने टोपी उडू नये म्हणून डोक्यावर हात दाबून धरलाय, आणि तोंड उघडं आहे.”

सांगायला बारा सेकंद लागले असतील.

“हं,” मामा म्हणाले. “आता पुढची घे.”